आजोबांची आठवण आली की करायचा ताक-भाकरीचा काला

रात्रीची ज्वारीची भाकरीच घ्या, ताजी नको, तिचा लगदा होतो. हातानेच कुस्करायची, मिक्सर काढला असता तर आजोबा ताटावरून उठलेच असते. मीठ, चुरडलेलं जिरं टाकून ताक ओता आणि पाचेक मिनिटं भिजू द्या म्हणजे मऊ पडते. कांदा बुक्कीनेच फोडायचा, सुरीने कापलेल्याला ती चव नाही (मत आजोबांचं, आता माझंही). सोबत लसणाची चटणी, तिच्यावर शेंगदाण्याचं कच्चं तेल. सगळं सकाळी ७:१० च्या आत तयार ठेवा कारण आकाशवाणी पुण्याच्या बातम्या लागल्या की आजोबा कुणाशी बोलायचे नाहीत, रेडिओ नसेल तर मोबाईलवर लावा, टीव्ही नको, आणि चमचा मागितला कुणी तरी देऊ नका.