विनाइल टाइल्सची फरशी : गोव्याच्या दमट हवेत तिची देखभाल कशी करावी

लाल सिमेंटचा कोबा, मोझेइक किंवा सिरॅमिक टाइल असलेल्या घरात बादलीभर पाणी ओतून, खराट्याने घासून जमीन धुतली तरी तिचे फारसे बिघडत नाही. चवथीच्या आधी सगळे घर अशा रीतीने धुऊन काढण्याची सवय गोव्यातील बहुतेक घरांना आहे. गेल्या काही वर्षांत मात्र पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा अशा शहरांतील फ्लॅटमध्ये, दुकानांत आणि दवाखान्यांत जुन्या टाइल न फोडता त्यांच्यावरच विनाइल टाइल्स किंवा लाकडासारख्या दिसणाऱ्या विनाइलच्या पट्ट्या बसवून घेण्याचे प्रमाण वाढले आहे, आणि या फरशीला ती जुनी सवय मानवत नाही. विनाइलची फरशी धुवायची नसते, ती पुसायची असते. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीभोवती फिरतात.

असे का, हे समजण्यासाठी टाइलची रचना थोडक्यात पाहावी लागेल. विनाइल टाइल म्हणजे पीव्हीसी आणि चुनखडीची भुकटी यांच्या थरावर छापील नक्षीचा पातळ पापुद्रा आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर. घरगुती टाइलमध्ये हा वरचा थर साधारण ०.३ मिलिमीटर आणि दुकानांसाठीच्या टाइलमध्ये ०.५ मिलिमीटर किंवा त्याहून थोडा अधिक असतो. तो थर शाबूत आहे तोवर फरशी नवी दिसते. तो घासला गेला की खालची नक्षी उघडी पडते आणि मग कोणत्याही पॉलिशने ती परत येत नाही. टाइल स्वतः पाणी शोषत नाही, परंतु दोन टाइल्समधल्या सांध्यातून पाणी खाली उतरते, गोंद सैल करते आणि तिथेच अडकून राहते. जाहिरातीतील ‘जलरोधक’ हा शब्द टाइलपुरता खरा असतो, सांध्यांना तो लागू पडेलच असे नाही. म्हणजे वरून वाळू आणि खालून पाणी असे या फरशीचे दोन शत्रू आहेत, आणि गोव्यात दोन्हींची वानवा नाही.

रोजचा केर

किनाऱ्यावरून पायांबरोबर येणारी वाळू ही बहुतांशी गारेची (क्वार्ट्झची) असते आणि ही गार विनाइलपेक्षा कितीतरी कठीण असते. चपलेखाली किंवा ओढलेल्या खुर्चीखाली सापडलेला एकेक कण फरशीवर बारीक ओरखडा काढतो, आणि असे असंख्य ओरखडे मिळून दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट निस्तेज दिसू लागते. पावसाळ्यात जांभ्या दगडाची लाल माती, तर डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात खनिजाची धूळ हेच काम करते. त्यामुळे पुसण्यापेक्षा रोज केर काढणे अधिक महत्त्वाचे आहे. त्यासाठी मऊ केरसुणी किंवा कोरडा मायक्रोफायबरचा मॉप वापरावा. माडाच्या हिरांचा खराटा अंगणातच ठेवावा. व्हॅक्यूम क्लीनर वापरत असल्यास त्याचा फिरता ब्रश बंद करता येतो का ते पाहावे आणि येत असल्यास बंद करूनच चालवावा.

दाराबाहेर काथ्याचे पायपुसणे आणि दाराच्या आत सुती कापडाचे पायपुसणे, अशी दोन पायपुसणी ठेवल्यास बरीचशी वाळू उंबरठ्याबाहेरच राहते. मात्र आतले पायपुसणे रबराच्या तळाचे कधीही नसावे. रबरातील काही रसायने विनाइलमध्ये मुरतात आणि पायपुसण्याच्या आकाराचा पिवळट तपकिरी डाग पडतो. हा डाग पृष्ठभागावर नसून टाइलच्या आत असतो, त्यामुळे तो घासून निघत नाही. टेबल-खुर्च्यांच्या पायांना लावलेल्या रबरी टोप्यांचेही तेच. त्या काढून नमद्याच्या (फेल्टच्या) चकत्या चिकटवाव्यात आणि त्यांत वाळू रुतली की बदलाव्यात.

पुसण्याची पद्धत

सामान्य घरात आठवड्यातून एकदा किंवा दोनदा फरशी पुसणे पुरेसे आहे. स्वयंपाकघर रोज पुसावेसे वाटल्यास नुसत्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके फिरवावे.

प्रथम केर नीट काढावा, कारण राहिलेल्या वाळूवर ओला मॉप फिरवणे म्हणजे फरशी पॉलिशपेपरने घासण्यासारखे आहे. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात. एका बादलीत साधारण पाच लिटर कोमट पाणी घेऊन त्यात विनाइलसाठीचे सौम्य क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावे. ते नसेल तर भांडी घासण्याचे द्रव एक चमचा पुरते. दुसऱ्या बादलीत साधे पाणी ठेवावे. मॉप साबणाच्या पाण्यात बुडवून इतका पिळावा की उचलून धरल्यावर त्यातून एकही थेंब गळू नये. खोलीच्या आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे येत, एका वेळी चार-पाच फुटांचा भाग पुसावा आणि पुढच्या भागाकडे वळण्यापूर्वी मॉप साध्या पाण्यात खळबळून पिळून घ्यावा. साधे पाणी गढूळ झाले की बदलावे. सगळी खोली झाली की स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेला दुसरा मॉप एकदा फिरवावा, कारण साबणाचा राहिलेला पातळ थर धूळ धरतो आणि ‘पुसूनही फरशी चिकट लागते’ ही तक्रार बहुधा त्यामुळेच उद्भवते. साबण जास्त घातल्याने फरशी अधिक स्वच्छ होते, हा समज सोडून द्यावा.

शेवटी पंखा लावून फरशी पूर्ण कोरडी करावी. जून ते सप्टेंबर या काळात हवेतच इतका ओलावा असतो की पुसलेली जमीन आपोआप वाळण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. त्या महिन्यांत पुसल्यानंतर कोरडे सुती फडकेही फिरवावे. घरकामाला येणाऱ्या बाईंना ही रीत एकदा प्रत्यक्ष करून दाखवणे चांगले, कारण त्यांच्या इतर सगळ्या घरांत सिरॅमिकची फरशी असते आणि तिथे भरपूर पाण्याने पुसलेलेच मालकांना आवडते.

काय वापरू नये

फेनाइल घालून पुसल्याखेरीज जमीन स्वच्छ झाली असे आपल्याकडे अनेकांना वाटत नाही. पांढरे फेनाइल अगदी थोडे, भरपूर पाण्यात घालून क्वचित वापरले तर चालून जाते. काळे फेनाइल मात्र डांबरापासून काढलेल्या तेलांचे असते आणि हलक्या रंगाच्या विनाइलवर त्याचा डाग राहू शकतो. शौचालय साफ करण्याचे ॲसिड, घासणीची पूड, तारेची किंवा हिरवी खरखरीत घासणी, थिनर आणि ॲसिटोन ही फरशीपासून दूर ठेवावीत. ॲसिटोन तर वरचा थर अक्षरशः विरघळवते. मुंग्या येऊ नयेत किंवा चमक यावी म्हणून पाण्यात रॉकेल घालण्याची जुनी पद्धत इथे नुकसान करते. वाफेच्या मॉपची उष्णता आणि ओलावा थेट सांध्यांत शिरतो, तेव्हा तो कितीही आकर्षक वाटला तरी टाळावा.

मेणाचे किंवा ॲक्रिलिकचे पॉलिश लावावे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आज मिळणाऱ्या बहुतेक टाइल्सवर कारखान्यातच पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. त्याला पॉलिशची गरज नसते, उलट मेण त्यावर नीट धरत नाही, फरशी निसरडी होते आणि मळ चिकटतो. जुन्या कार्यालयांत आढळणाऱ्या, लेप नसलेल्या विनाइल कॉम्पोझिशन टाइल्सना मात्र पॉलिशचे थर द्यावे लागतात आणि ते वेळोवेळी काढून नव्याने लावावे लागतात. आपली टाइल कोणत्या प्रकारची आहे हे पुरवठादाराकडून लेखी घेऊन ठेवावे.

डाग

डाग पडल्या पडल्या पुसला तर बहुतेक वेळा दुसरे काही करावे लागत नाही. हळदीचे मात्र वेगळे आहे. हुमणाचा (माशांच्या कढीचा) रस्सा सांडल्यावर त्यावर थेट साबण घातला की पिवळा डाग लालसर होतो, कारण हळदीतील रंग क्षाराशी संयोग होताच पालटतो. त्याने घाबरून अधिक घासू नये. आधी टिपकागदाने तेल आणि रस्सा टिपून घ्यावा, मग सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून स्वच्छ पाणी फिरवावे. उरलेली पिवळी छटा काही दिवसांच्या उजेडाने आपोआप फिकी होते, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

पेनाची शाई आणि मार्कर यांसाठी कापसावर थोडे हँड सॅनिटायझर घेऊन डागापुरतेच चोळावे आणि लगेच पाण्याने पुसावे. चपलेच्या काळ्या रेघा शाळकरी खोडरबराने निघतात. मेणबत्तीचे मेण बर्फाने कडक करून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने उचलावे. गॅस सिलिंडरच्या आणि लोखंडी कपाटाच्या पायांखाली गंजाची वर्तुळे पडतात. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात ती फार लवकर पडतात. त्यावर लिंबाचा रस पाच-दहा मिनिटे ठेवून पुसावा व पाण्याने धुवावा, परंतु खरा उपाय म्हणजे सिलिंडर प्लॅस्टिकच्या चाकांच्या ट्रॉलीवर ठेवणे.

सणासुदीत काही गोष्टींकडे मुद्दाम लक्ष द्यावे. रांगोळीची पूड दगडाची असते, म्हणून ती ओल्या फडक्याने न पसरवता आधी मऊ ब्रशने सुपलीत भरून घ्यावी. रंगीत रांगोळी तर शक्यतो पाटावर किंवा फळीवर काढावी. समईखाली ताट असावे. गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली जुनी चादर अंथरावी, कारण केळीच्या घडाचा चीक आणि पिकलेल्या फळांचा रस टपकतो, आणि चीक वाळून तपकिरी झाला की त्याचा डाग काढणे कठीण जाते.

ओल, बुरशी आणि सुटलेल्या टाइल्स

गोव्यात विनाइलच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ टाइलमध्ये नसून तिच्या खाली असते. तळमजल्यावरील घरात, विशेषतः जांभ्याच्या जोत्यावरील जुन्या घरात, जमिनीतील ओल केशाकर्षणाने वर चढते आणि पावसाळ्यात गोंद सोडवते. सांध्यांतून पांढरी पूड बाहेर येणे, टाइलचे कोपरे उचलणे आणि पाऊल टाकताच चपचप आवाज येणे ही त्याची चिन्हे होत. खात्री करून घेण्यासाठी एक सुटलेली टाइल काढावी, खालची जमीन पुसून कोरडी करावी, त्यावर पॉलिथिनचा तुकडा ठेवून चारही कडा टेपने घट्ट चिकटवाव्यात आणि एक दिवस तसाच राहू द्यावा. पॉलिथिनच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा सिमेंट गडद झाले तर ओल खालून येत आहे, आणि तिचा बंदोबस्त केल्याशिवाय पुन्हा टाइल चिकटवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

सांध्यांवर वरवर दिसणारी काळी बुरशी साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशने निघते. न निघाल्यास ब्लीच भरपूर पाण्यात मिसळून, खिडक्या उघड्या ठेवून थोडा वेळ लावावे आणि पुसून टाकावे. ब्लीच कोणत्याही ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. काळपटपणा टाइलच्या आरपार दिसत असेल तर बुरशी खाली आहे, आणि न्हाणीघराचा पाइप किंवा वॉशिंग मशिनची नळी तपासायला हवी.

ओल नसूनही गोंदाने बसवलेल्या टाइलचा एखादा कोपरा उचलला असेल तर त्यावर केस वाळवायचे ड्रायर मंद आचेवर फिरवावे. टाइल मऊ झाली की कोपरा हळूच वर घेऊन खालची धूळ व जुना गोंद खरवडावा, विनाइलचा गोंद पातळ पसरावा, टाइल दाबून बसवावी आणि बाहेर आलेला गोंद लगेच पुसून वर एक दिवस जड वस्तू ठेवावी. पूर्ण टाइल बदलायची असल्यास हीच रीत. फक्त नक्षीची दिशा जुळते का ते आधी कोरडे ठेवून पाहावे. बसवण्याच्या वेळीच चार-सहा टाइल्स जादा घेऊन सपाट ठेवाव्यात, कारण काही वर्षांनी तोच रंग बाजारात मिळण्याची खात्री नसते. एकमेकींत अडकवून बसवलेल्या पट्ट्यांना गोंद लावू नये. त्यांना तापमानानुसार सरकायला जागा लागते.

पश्चिमेच्या दारातून येणाऱ्या उन्हाने रंग उडतो आणि टाइल फुगते, म्हणून दुपारनंतर पडदा ओढावा. गरम कढई जमिनीवर टेकवू नये.

आखातात किंवा मुंबई-पुण्याकडे राहणाऱ्यांची अनेक घरे महिनोन्महिने बंद असतात. अशा घरांतून निघताना पायपुसणी आणि गालिचे गुंडाळून उभे ठेवावेत, फ्रिज रिकामा करून त्याखालचे पाणी पुसावे, मुख्य नळ बंद करावा, आणि पावसाळ्यात कोणी नातेवाईक पंधरा दिवसांतून एकदा घर उघडून पंखे लावील अशी सोय करावी.