‘नुसता माळ’ बघायला येताय? सोलापूर भागात भटकताना या चुका टाळा

पाहुणे आले की गाडीतून उतरायच्या आधीच म्हणतात, “तुमच्याकडं काय बघायचं, नुसता माळ!” मी आता वाद घालत नाही. पण दहाएक वर्षं पाहुण्यांना फिरवून एक कळलंय. घोळ होतो तो या वाक्यामुळंच. माळ रिकामा दिसतो म्हणून माणूस बिनधास्त होतो.

काळ्या रानात गाडी घालणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात. मंगळवेढा तालुक्यात माचणूरला निघालो होतो. भीमेच्या काठचा किल्ला, सिद्धेश्वराचं देऊळ आणि शेजारी ब्रह्मपुरी, जिथं औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चारेक वर्षं होती. ऑक्टोबर महिना, आदल्या रात्री जेमतेम पाऊण तास पाऊस झालेला. मोबाइलच्या नकाशानं शेतातून चार किलोमीटर वाचवणारी वाट दाखवली आणि मी दुचाकी घातली. दोनशे पावलांवर पुढचं चाक फिरायचं थांबलं. चिखल मडगार्डमध्ये ठासून बसला होता. मी रेस करतोय, क्लचचा वास सुटलाय, गाडी जागची हलत नाही.

बांधावरून एक आप्पा खुरपं घेऊन आले. “रेस करू नगंस, क्लच जळंल. उतर खाली.” अर्धा तास दोघांनी चिखल खरवडला. मग ते म्हणाले, “नकाशात मातीचा रंग दिसत नाही व्हय?”

रंग बघायचा, एवढंच खरं तर शिकायचं. तांबूस-भुरकट मुरूम पाणी पिऊन टाकतो, त्यावरून पाऊस उघडल्यावर थोड्या वेळात जाता येतं. काळी माती पाणी धरून फुगते. वरून वाळल्यासारखी दिसली तरी खाली लोण्यासारखी असते, आणि तासाभराच्या उन्हानं तिला काही फरक पडत नाही. अडकलातच तर इंजिन बंद करा, काठीनं किंवा खुरप्यानं चाक मोकळं करा आणि गाडी ढकलत आल्या वाटेनं मागं न्या. पुढं नेऊ नका, पुढं काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. चारचाकी असेल तर चाकाखाली दगड किंवा पडीक तुराट्या घाला. शेजारी रचलेली कडब्याची गंज दिसते, तिला मात्र हात लावायचा नाही. तो कुणाच्या तरी बैलांचा उन्हाळ्याचा चारा असतो, आणि आमच्याकडं ज्वारीइतकाच कडब्याला भाव असतो.

इथलं आभाळ बघून नदीत उतरणं

भीमेला पाणी येण्यासाठी सोलापुरात पाऊस पडावा लागत नाही. पाऊस पडतो पुण्याकडच्या सह्याद्रीत, भीमेवरचं उजनी धरण भरतं आणि मग दरवाजे उघडतात. इथं ऊन पडलेलं असताना नदी चढते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात हत्तरसंग कुडल, माचणूर किंवा पंढरपूरकडं जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी उजनीच्या विसर्गाची बातमी वाचा. घाटाच्या खालच्या पायऱ्या सकाळी कोरड्या होत्या म्हणून दुपारी कोरड्या असतील असं धरून चालू नका.

नळदुर्गची चूक याच्या उलट. किल्ला धाराशिव जिल्ह्यात, पण सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं तासाभरावर, त्यामुळं आम्ही त्याला आमचाच समजतो. पाहुणे जूनमध्ये नर-मादी धबधबे बघायला जातात आणि कोरडा बांध बघून येतात. बोरी नदीचं पाणी भरून सांडव्यावरून वाहू लागलं तरच ते कोसळतात. फोन करून विचारा, मग निघा. बांधाच्या पोटातला पाणीमहाल मात्र कोरड्या दिवसांतही बघण्यासारखा आहे.

भर दुपारी शिलालेख शोधणं

हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात. तिथल्या संगमेश्वर मंदिरात तुळईवर शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. त्याची शेवटची ओळ मराठी: ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचील तो विजयी होईल. मराठीचा सर्वांत जुना लेख हाच, की अलिबागजवळच्या अक्षीचा, की श्रवणबेळगोळचा, यावर अभ्यासक भांडत राहतील. आपली अडचण साधी आहे: लेख दिसत नाही.

दिसत नाही, कारण आपण बारा वाजता जातो आणि मोबाइलचा फ्लॅश समोरून मारतो. समोरच्या उजेडात सगळा दगड सपाट होतो. टॉर्च घ्या आणि दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूनं तिरपा झोत टाका. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळ उठून दिसते. अंगणात उघड्यावर पडलेल्या मूर्ती आणि वीरगळांसाठी सकाळी लवकरचं किंवा संध्याकाळचं ऊन हेच काम फुकट करतं. खडू, हळद, पाणी, तेल, यातलं काहीही अक्षरांत भरू नका. हजार वर्षं टिकलेली खाच आपल्या एका फोटोसाठी झिजवायची, हे मला तरी बघवत नाही. तिथलंच ३५९ मुखांचं शिवलिंगही बघा. मुखं मोजायला बसू नका, उशीर होतो.

पडक्या बुरुजांत आणि कमानींत आग्या मोहोळ असतं, तेव्हा आधी वर बघायचं. अत्तर लावू नका, धूर करू नका, हाका मारू नका. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ लांब पळा किंवा बंद खोलीत, गाडीत शिरा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर वाट बघतात.

माळढोक दिसलाच पाहिजे हा हट्ट

नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य १९७९ चं. माळढोक आता इतका दुर्मिळ झालाय की त्याच्या आशेवर सहल आखली तर हिरमुसून परताल. काळवीट, खोकड, चंडोल आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या म्हणजे हॅरियर हे शिकारी पक्षी बघायला या, कधी लांडगाही दिसतो. वाट सोडून गवतात शिरू नका. माळढोक घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, तेही मातीच्या रंगाचं. चंडोल-टिटवीचीही अंडी जमिनीवरच. ‘नुसत्या गवतात’ टाकलेलं पाऊल कुठं पडेल सांगता येत नाही.

उजनीवर दुपारची बोट

रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायचे तर धरण काठोकाठ भरलेलं असताना जाऊन फायदा नाही. पाणी ओसरून उथळ दलदल उघडी पडली की ते उतरतात, साधारण जानेवारीपासून पुढं. बोट सकाळची घ्या. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं वारं अचानक सुटतं. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान अशाच वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले. लाइफ जॅकेट नसेल तर बोटीत बसू नका, बोटवाला कितीही म्हणो ‘काही होत नाही’.

उन्हाळ्यात धरण ‘मायनसमध्ये’, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं आणि झुंबड उडते. भेगाळलेल्या गाळावरून सरळ देवळाकडं निघू नका. वरची खपली फसवी असते, खाली मांडीभर गाळ असू शकतो. गावकऱ्यांची पायवाट शोधा.

गावात शिरताना

आधी रामराम, मग प्रश्न, मग फोटो. ‘ओ काका’पेक्षा आप्पा, अण्णा, मामा, मावशी इथं लवकर लागू पडतं. अक्कलकोटच्या बाजूला समोरचं माणूस कानडीत बोललं तर गोंधळू नका. ‘नमस्कार री’ म्हणा, चेहरा खुलतो, पुढचं मराठीत होतं. धनगरांचा कळप आडवा आला तर गाडी थांबवा आणि खाली उतरायच्या आधी मेंढक्याला हाक मारा. कुत्री त्याचं ऐकतात, तुमचं ऐकणार नाहीत.

जानेवारीत हुरड्याची कणसं रस्त्याकडेला दिसली म्हणून तोडायची नसतात. मालकाला विचारलंत तर तो स्वतः आगटी पेटवून भाजून देतो, वर शेंगाची चटणी घालतो, पैसेही बहुतेक वेळा घेत नाही.

आणि एसटीनं जात असाल तर फलकावर ‘संध्याकाळी साडेसात’ वाचून निवांत बसू नका. ती बहुतेक मुक्कामी गाडी असते. साडेसातला गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर जेवून झोपतात आणि गाडी शहराकडं सुटते ती दुसऱ्या दिवशी पहाटे.