बाळाला पाण्यासारखे जुलाब लागले तर घरी काय करायचं

मी जव्हार तालुक्यात आशा म्हणून काम करते. थंडी पडली की पाड्यांवरून निरोप यायला लागतात, "ताई, पोरगं सारखं ओकतंय, आणि शी नुसती पाण्यासारखी होतेय." वय सहा महिने ते दोन वर्षं, अंगात ताप, आधी उलट्या आणि मागोमाग जुलाब, असं असलं की मला पहिली शंका रोटाव्हायरस या जुलाबाच्या विषाणूची येते. घरची म्हातारी म्हणते दात येतायत. दातांमुळे असे जुलाब लागत नाहीत.

जुलाब बंद करायचं औषध शोधत फिरू नका. हा विषाणू आहे, अँटिबायोटिकला दाद देत नाही. मोठ्या माणसांची जुलाब थांबवायची गोळी तर बाळाला कधीच देऊ नका. तीन ते आठ दिवसांत जुलाब आपोआप थांबतात. तोवर अंगातून जेवढं पाणी आणि मीठ जातंय तेवढं परत पोटात घालत राहायचं, हेच खरं काम.

त्यासाठी जलसंजीवनी, म्हणजे ओआरएसची पुडी. आमच्याकडे फुकट मिळते. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, लहान पुड्याही येतात, म्हणून आधी वरचं वाचा किंवा वाचून घ्या. हात साबणाने धुवा. उकळून गार केलेलं पाणी लिटरभर मोजून घ्या, पाण्याची लिटरची बाटली मापाला चालते. अख्खी पुडी एकदम ओता आणि विरघळेपर्यंत ढवळा. बऱ्याच घरी पुडी पुरवायची म्हणून पेल्यात चिमूट चिमूट टाकतात. असं करू नका. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, कमी पडलं तर उपयोग होत नाही. वरून साखर, दूध काही घालायचं नाही. झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं फेकून नवं करा. दुकानातल्या गोड रंगीत पेयांचे खोके ओआरएसच्या जागी चालत नाहीत, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात.

प्रत्येक पातळ शीनंतर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला चहाचे पाच चमचे, दोन वर्षांपर्यंत पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक पेला. बाटलीने पाजू नका, वाटी-चमचा घ्या. बाळ ओकलं की आया घाबरून पाजणं थांबवतात. दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. ओकलं तरी थोडं पोटात राहतंच. रात्रभर असं बसणं सोपं नाही, म्हणून मी बापाला आणि आजीलाही चमचा धरायला लावते.

सोबत झिंकची गोळी, १४ दिवस. सहा महिन्यांच्या वर रोज २० मिलिग्रॅमची एक, दोन ते सहा महिन्यांना अर्धी, आईच्या दुधात चमच्यात विरघळवून. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करा.

अंगावरचं दूध सुरूच ठेवा. वरचं खाणारं बाळ असेल तर मऊ भात, वरण, नागलीची पेज थोडी थोडी द्या. उपाशी ठेवू नका.

आता दवाखान्यात कधी न्यायचं. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट न होता घडी तशीच राहिली, डोळे किंवा डोक्यावरची टाळू खोल गेली, बाळ सुस्त पडलं, पीत नाही, पाजलेलं सगळं ओकतंय, सहा तास लघवी नाही, शीत रक्त दिसलं, यातलं काहीही एक असलं तरी १०८ ला फोन करा. उजाडायची वाट पाहू नका. गाडी येईपर्यंत आणि रस्त्यातही, पीत असेल तर चमचा चालू ठेवा.

हा विषाणू हातांवर, खेळण्यांवर, दुपट्यांवर टिकतो, म्हणून शी धुतल्यावर प्रत्येक वेळी साबण वापरा. तरी स्वच्छ घरातही तो शिरतो, म्हणून लस लागते. महाराष्ट्रात २०१९ पासून ती सरकारी लसीकरणात आहे, तोंडावाटे, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. ती घेतली तरी जुलाब होऊ शकतात, पण जिवावर बेतणारे जुलाब बरेच कमी होतात. पहिला डोस वर्षाच्या आत लागतो. भट्टीवर किंवा बांधकामावर कामाला जाणार असाल तर कार्ड सोबत न्या, तिथल्या सत्रात पुढचा डोस मिळतो.