तक्ता जसाच्या तसा स्लाइडवर डकवू नका

प्रबंधातला बारा रांगांचा तक्ता पडद्यावर आला की मागच्या बाकावरून काहीच वाचता येत नाही. समजा, रावेरच्या केळीबागेत ठिबकातून दिलेल्या खताच्या तीन मात्रा ताडून पाहिल्यात. मग तीनच आडवे स्तंभ काढा, प्रत्येकाच्या टोकाला घडाचं वजन किलोत. मथळा ‘निकाल’ असा मोघम नको, निष्कर्षच लिहा: ‘शिफारशीच्या 75 टक्के मात्रेतही घड तेवढाच भरला’.

अक्षर 28 पॉइंटांखाली नको. देवनागरीत ओळींतलं अंतर 1.2 ते 1.3 ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो. खरा घात होतो फॉन्टमुळे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर, सभागृहातल्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर निरर्थक रोमन अक्षरांत उमटतो. म्हणून युनिकोडमध्येच टाइप करा आणि पेनड्राइव्हवर पीडीएफ प्रतही ठेवा (त्यात अ‍ॅनिमेशन चालत नाही, हे धरूनच स्लाइड रचा).

जळगाव-धुळ्याकडच्या दुपारी खिडकीतून भगभगीत उजेड येतो, त्यात पिवळा-पोपटी रंग पार उडतो. पांढऱ्यावर गडद निळं किंवा काळंच वापरा. दहा मिनिटांना आठ-दहा स्लाइड पुरे.