दिवाळी अंकातील कथेपासून पहिल्या कथासंग्रहापर्यंत

मराठीत कथा लिहिणाऱ्याचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते दिवाळी उलटली की सुरू होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढे कथेचे वेळापत्रक या सणाशी बांधले गेले. आज कथा छापणारी मासिके बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, त्यामुळे नव्या कथालेखकाला जाणत्या वाचकांपर्यंत नेणारी सर्वांत मोठी जागा दिवाळी अंक हीच आहे. ज्याला कथालेखन हौसेपुरते न ठेवता पुस्तकापर्यंत न्यायचे आहे, त्याने आपले वाचन, लेखन आणि पत्रव्यवहार या चक्राला धरून आखावेत. मात्र चक्राला धरून राहणे वेगळे आणि मागणी आली म्हणून कथा पाडणे वेगळे. हा फरक सांभाळता आला, तर चार-पाच वर्षांत एका संग्रहाइतक्या चांगल्या कथा हाताशी येणे अशक्य नाही.

सुरुवात वाचनापासून करावी. अंक बाजारात आल्यानंतरचे दोन-तीन महिने नवीन काही लिहिण्याची घाई न करता केवळ वाचनासाठी ठेवले, तर वर्षभराचा पाया पक्का होतो. सगळे अंक विकत घेणे परवडत नाही, म्हणून जवळच्या वाचनालयाची दिवाळी अंकांची खास वर्गणी भरावी. अंक वाचताना एक वही जवळ ठेवून प्रत्येक अंकात कथा किती आहेत, त्यांची लांबी साधारण किती आहे, बोलीतील कथांना जागा दिसते का आणि नव्या लेखकांची नावे येतात का, याची नोंद करावी. संपादकाचे नाव, पत्ता आणि ईमेल तेथेच टिपून ठेवावा. प्रत्येक अंकाची प्रकृती निराळी असते. विनोदासाठी ओळखला जाणारा ‘आवाज’ आणि रहस्य, भय व विज्ञानकथांसाठी ओळखला जाणारा ‘धनंजय’ यांना डोळ्यांसमोर ठेवून एकच कथा लिहिता येत नाही, हे अंक प्रत्यक्ष चाळल्यावर सांगावे लागत नाही.

चालू अंकांबरोबर जुने वाचणेही तितकेच आवश्यक आहे. ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ साली बंद पडले, परंतु मराठी नवकथा कशी घडली हे समजून घ्यायचे तर त्याच्या जुन्या अंकांना पर्याय नाही. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहूनही पाच वर्षांनी जुने. अशा ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात नियतकालिकांच्या जुन्या फायली चाळत घालवलेली दुपार एखाद्या लेखन कार्यशाळेपेक्षा अधिक देऊन जाते, असे माझे मत आहे. तेथे आवडलेली एखादी कथा सलग वाचून झाल्यावर पुन्हा काढावी आणि या वेळी फक्त काळ कोठे उडी मारतो, प्रसंग कोठे संपतो आणि लेखकाने काय सांगायचे टाळले, एवढेच पाहावे. नंतर केवळ संवाद वाचावेत. कोण बोलते आहे हे नाव न वाचताही ओळखता येते का, हे त्यातून कळते. कथालेखकाने केवळ कथाच वाचाव्यात असेही नाही. जिल्ह्याचे गॅझेटिअर, आत्मचरित्रे, जुनी पत्रे, बोलींचे कोश यांतून जे हाती लागते, ते इतरांच्या कथांतून लागत नाही. ज्यांची शैली आपल्याला भुरळ घालते, त्यांच्यापासून प्रत्यक्ष लिहिण्याच्या महिन्यांत मात्र चार हात दूर राहिलेले बरे.

फेब्रुवारी ते मे हा लेखनाचा काळ मानावा. रोज अमुक शब्द लिहिण्याचा नेम काहींना मानवतो, पण कथेच्या बाबतीत तो फारसा कामाचा नाही. कादंबरीला सातत्य लागते, कथेला मुख्यतः पुनर्लेखन लागते. पहिला खर्डा झाल्यावर तो काही आठवडे बाजूला ठेवावा आणि मग मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते किंवा आवाज उगाच भाषणासारखा चढतो, तेथे पेन्सिलीने खूण करावी. उदाहरणार्थ, ‘एस.टी.तून उतरताना शांताबाईंच्या मनात असंख्य विचारांनी गर्दी केली होती’ या वाक्यातून वाचकाला काहीच दिसत नाही. त्याऐवजी ‘शांताबाई एस.टी.तून उतरल्या आणि आधी पिशवीतली किल्ली चाचपली’ असे लिहिले, की घर बंद आहे, बाई एकट्या आहेत आणि त्यांना कसली तरी धास्ती आहे, हे तीनही न सांगता कळते. पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणे नव्हे, मनातले विचार असे हाताच्या हालचालीत उतरवणे होय. त्यानंतर कथेचा पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून पाहावे. पुष्कळ वेळा कथा तेथूनच सुरू होत असते आणि आधीचे सगळे लेखकाने स्वतःला तयार करण्यासाठी लिहिलेले असते.

अनेक संपादक उन्हाळ्यापासूनच साहित्य मागवू लागतात आणि जून-जुलैपर्यंत बहुतेक निवड आटोपते; गणपती येईपर्यंत जागा शिल्लक असेल, ही आशा धरू नये. कथा युनिकोड मराठीत टंकलिखित केलेली, वर्ड फाइलमध्ये असावी, कारण पीडीएफमधील मजकूर काढून पानावर लावताना बिघडतो. सोबतचे पत्र चार ओळींचे पुरे. त्यात कथेचे शीर्षक, शब्दसंख्या, कथा अप्रकाशित आहे ही ग्वाही आणि संपर्काचा तपशील द्यावा. कथेचा सारांश आणि आशय स्वतःच समजावून सांगण्याचा मोह आवरावा. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नये. ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही, कथा दोन्हीकडे छापून आली तर पुढच्या वर्षी दोन्ही दारे बंद होतात. दीड-दोन महिन्यांत उत्तर आले नाही, तर स्मरणपत्र पाठवून निर्णय विचारावा आणि तरीही उत्तर आले नाही, तर कथा मागे घेत असल्याचे लेखी कळवून मगच ती दुसरीकडे द्यावी. मानधन मिळणार की नाही, हे कथा स्वीकारली जाताच विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

मुद्रितशोधन, म्हणजे छापण्यापूर्वी मजकुरातील चुका तपासणे, हा टप्पा नवे लेखक हमखास दुर्लक्षितात, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली आणि मुद्रितशोधक या अठरा नियमांच्या आधारे प्रत तपासतो. पात्र जर ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘कुटं’ असे बोलत असेल, तर सवयीने किंवा घाईत ते ‘होतं’, ‘नाही’, ‘कुठं’ होऊन छापले जाण्याचा धोका राहतो. यावर उपाय म्हणजे कथेसोबत अर्ध्या पानाचे टिपण जोडणे. निवेदनात ‘केले’, ‘गेले’ असे लिहिले आहे की ‘केलं’, ‘गेलं’, संवादांत कोणत्या भागाची बोली आहे, कोणती रूपे मुद्दाम तशी ठेवली आहेत, हे त्यात नोंदवावे. अर्थात, हे टिपण देण्याआधी लेखकाने स्वतः सुसंगत असावे लागते. एकाच म्हातारीच्या तोंडी एका पानावर ‘व्हतं’ आणि पुढच्या पानावर ‘होतं’ असेल, तर शोधकाला दोष देता येत नाही. दुसरा धोका फॉन्टचा. काही ठिकाणी अजूनही युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित करून पाने लावली जातात आणि त्यात ‘ऱ्य’ हे जोडाक्षर हटकून बिघडते. सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ छापून येताना ‘दर्या’ झाल्या, की कथा डोंगरातून थेट समुद्रात पडते. म्हणून अंतिम प्रूफ मागून घ्यावे आणि संगणकावर न तपासता कागदावर, पट्टी ठेवून, ओळ ओळ तपासावे.

दहा-बारा कथा प्रसिद्ध झाल्या म्हणजे संग्रह झाला, असे समजू नये. डेमी आकाराच्या पानात सुमारे अडीचशे ते तीनशे शब्द बसतात आणि सोळा पानांचा एक फर्मा होतो, या हिशेबाने दहा फर्म्यांच्या पुस्तकाला चाळीस हजारांच्या आसपास शब्द लागतात. परंतु पाने भरावीत म्हणून कच्ची कथा आत घेतली, तर समीक्षकाचा हात नेमका तिच्यावरच पडतो. आठ कथांचा लहान संग्रह बारा कथांच्या ढिल्या संग्रहापेक्षा केव्हाही चांगला. कथांचा क्रम प्रसिद्धीच्या तारखांनुसार लावू नये. एकसारखे निवेदन किंवा एकसारखा शेवट असलेल्या कथा शेजारी येऊ देऊ नयेत. कोणती कथा प्रथम कोठे छापून आली, त्याचा पूर्वप्रसिद्धीचा उल्लेख पुस्तकात अवश्य करावा.

प्रकाशकाशी बोलणे पक्के झाले की करार लेखी करावा. भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ सालचा आहे आणि त्यानुसार लेखन झाले त्या क्षणापासून प्रताधिकार लेखकाचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याकडे सोपवायचे असतील तर ते सही केलेल्या लेखी कागदानेच सोपवता येतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता हक्क दिला असे धरले जाते. तेव्हा मुदत, आवृत्तीतील प्रती आणि मानधन छापील किमतीवर मोजायचे की प्रत्यक्ष जमा रकमेवर, हे कागदावर आणावे. अनुवाद, ध्वनिपुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क एकाच वाक्यात देऊन टाकू नयेत. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ ही ओळ दिसली, की पेन खाली ठेवून खुलासा विचारावा.

खर्चाचा काही भाग लेखकानेच उचलावा, अशी सूचना नवख्याला हटकून केली जाते. ती मान्य करण्यापूर्वी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेकडे पाहावे. ही योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे आणि तिच्यासाठी हस्तलिखित परीक्षणाला द्यावे लागते. पुस्तक स्वतःच काढायचे ठरले, तर प्रकाशकाची कामेही अंगावर येतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तो विकत घेण्याची गरज नाही. ग्रंथालयांना पुस्तके देण्याविषयीच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमून दिलेली ग्रंथालये यांना प्रकाशनापासून तीस दिवसांत स्वखर्चाने एकेक प्रत पाठवावी लागते.

पुस्तक हाती आल्यावर प्रकाशन समारंभावर खर्च करण्याऐवजी तेवढ्या पैशांत परीक्षणासाठी प्रती पाठवाव्यात आणि पुरस्कारांच्या मुदतींची नोंद ठेवावी. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळे विभाग आहेत आणि तेथे त्या त्या वर्षात प्रथम आवृत्ती निघालेली पुस्तकेच विचारात घेतली जातात. साहित्य अकादमीचा २०११ पासून दिला जाणारा युवा पुरस्कार पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. म्हणून डिसेंबरच्या अखेरीस छपाई रेंगाळली असेल, तर आतील माहितीच्या पानावर प्रथम आवृत्तीची कोणती तारीख जाणार, हे पाने छापखान्यात जाण्याआधी प्रकाशकाला विचारून घ्यावे.