लग्नपत्रिकेच्या स्क्रीनवर छापलेला सेन्सर

ग्लुकोज मोजायचे तयार इलेक्ट्रोड परवडेनात, म्हणून प्रोजेक्टसाठी स्वतःच छापायचे ठरवले. पंचवटीत जाळीच्या स्क्रीनमधून लग्नपत्रिका छापणारे एक काका तयार झाले. ओएचपीची शीट, म्हणजे पीईटी, आणि कार्बनची शाई मी नेली. डिझाइन बघून काका म्हणाले, "नवरा-नवरीचं नाव कुठंय?"

पहिली खेप १२० अंशांना वाळवली, तर शीट भाजलेल्या पापडासारखी वळली. चूक माझीच, पीईटी ७०-८० अंशांपुढे मऊ पडू लागते. मग ६० अंशांवर दोन तास ठेवली. शीट सपाट राहिली. मग इलेक्ट्रोड तपासायला फेरीसायनाइड या क्षाराच्या द्रावणात बुडवून व्होल्टेज वरखाली केले. त्यात येणाऱ्या करंटच्या आलेखातल्या दोन शिखरांमधले अंतर ४०० मिलिव्होल्टच्या वर आले; अंतर जितके जास्त, तितकी इलेक्ट्रॉनची ये-जा मंद. आदर्श अंतर ५९च्या आसपास असते.

आठवडाभर मी वायरींनाच दोष देत बसलो. खरी अडचण शाईत होती: वाळताना तिच्यातल्या रेझिनचा पातळ थर ग्राफाइटवर बसतो आणि इलेक्ट्रॉनची वाट अडवतो. बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवला, मग फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, इलेक्ट्रोडला दोन मिनिटे +१.५ व्होल्ट दिले. अंतर १५०वर आले. ग्लुकोज ओळखणारे एन्झाइम वर बसवायला एवढे चालते.

मीटरचे रीडिंग तरीही स्थिर न राहता सरकत होते. संदर्भ इलेक्ट्रोडवर, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्यावर, नुसतेच चांदीचे पेंट होते. त्यावर घरातल्या ब्लीचचा थेंब पाच मिनिटे ठेवून धुतला. चांदी काळपट पडली, म्हणजे सिल्व्हर क्लोराइड बनले.

द्रावण वायर जोडायच्या टोकापर्यंत चढू नये म्हणून ताईची नेलपॉलिश लावली. एकाच फटक्यात लावा, घासलीत तर तिच्यातल्या सॉल्व्हंटने शाई पसरते. बाटली अजून परत केलेली नाही.