देशाचं रेटिंग आणि देशाचा कारभार: प्रबंधाला बसण्यापूर्वी

अर्थशास्त्र किंवा फायनान्सच्या एम.ए., एम.बी.ए.ला ‘कारभाराची गुणवत्ता, आर्थिक कामगिरी आणि देशाचं पतमानांकन’ (म्हणजे रेटिंग, देश कर्ज फेडू शकेल का याचा दर्जा) हा विषय बरेच जण निवडतात, कारण आकडे फुकट मिळतात. गोची पुढे होते. आकडे मिळतात, पण त्यांचा अर्थ चुकतो.

पहिलं काम म्हणजे एस अँड पी, फिच अशा रेटिंग देणाऱ्या संस्थांच्या पद्धतीच्या पुस्तिका वाचणं. एस अँड पी पाच अंगं तपासते: संस्थात्मक, आर्थिक, बाह्य, राजकोषीय आणि मौद्रिक. प्रत्येकाला 1 ते 6 गुण असतात आणि 1 म्हणजे उत्तम. फिचचं मॉडेल 18 चलांचं (देशागणिक, वर्षागणिक बदलणाऱ्या आकड्यांचं) आहे. त्यात जागतिक बँकेच्या कारभार निर्देशांकांचं वजन सर्वांत मोठं, साधारण पाचवा हिस्सा. मॉडेलच्या उत्तरावर फिचची रेटिंग समिती सहसा रेटिंगच्या तीन पायऱ्यांपर्यंत वर किंवा खाली सरकू शकते. म्हणजे कारभाराचा रेटिंगवर परिणाम होतो का, हा प्रश्न फिचच्या बाबतीत अर्धा निकालात निघालेलाच आहे. तो परिणाम त्यांनी स्वतःच सूत्रात घातलाय. विचारायचं ते हे की, सूत्राबाहेर काय उरतं?

आता आकडे. रेटिंग अक्षरांत असतं, ते अंकांत आणा: एएए (सर्वांत वरचं) म्हणजे 21, एए अधिक म्हणजे 20, असं उतरत बीबीबी उणेला 12 आणि बुडीतला (कर्ज थकवलेल्या देशाला) 1. परकीय चलनातलं दीर्घकालीन रेटिंग घ्या. स्थानिक चलनातलं त्यात मिसळू नका. 31 डिसेंबरचं रेटिंग नोंदवा. कारभाराचे निर्देशांक बरेच उशिरा प्रसिद्ध होतात, त्यामुळे स्पष्टीकरण देणारे चल किमान एक वर्ष मागचे ठेवा. नाहीतर समितीला त्या दिवशी जे ठाऊकच नव्हतं, ते तिला ठाऊक होतं असं धरल्यासारखं होईल. दरडोई उत्पन्न लॉगमध्ये (लॉगरिदम काढून) घ्या.

भारताचे आकडे घेताना एक चूक वारंवार दिसते. राजकोषीय तूट म्हणून केंद्राचीच घेतली जाते (2024-25 मध्ये जीडीपीच्या 4.8 टक्के). संस्था मात्र केंद्र आणि राज्यं मिळून बघतात. महाराष्ट्र सरकारने रिझर्व्ह बँकेमार्फत काढलेलं कर्जही त्या बेरजेत येतं. कर्ज-जीडीपी गुणोत्तराइतकंच व्याजाचं महसुलाशी प्रमाणही घ्या, भारताची दुखरी नस तिथे आहे. उलट जपानचं कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त असूनही रेटिंग ‘ए’ गटात आहे, कारण ते बहुतांशी स्वतःच्या चलनात आणि घरच्याच गुंतवणूकदारांकडे आहे.

जागतिक बँकेचे कारभाराचे सहा निर्देशांक: जनतेचा आवाज, राजकीय स्थैर्य, शासनाची कार्यक्षमता, नियमनाची गुणवत्ता, कायद्याचं राज्य, भ्रष्टाचारावर नियंत्रण. सहाही एकत्र रिग्रेशनमध्ये (प्रत्येक चलाचा परिणाम मोजणाऱ्या समीकरणात) टाकले की एकमेकांत इतके गुंततात की निम्म्यांची चिन्हं उलटी येतात. सरासरी घ्या. पारंपरिक मोजपट्टी उणे 2.5 ते अधिक 2.5 अशी आहे आणि जगाची सरासरी दरवर्षी शून्य धरली जाते. म्हणून ‘जगाचा कारभार सुधारला’ असं त्यावरून म्हणता येत नाही. शेजारच्या रकान्यातली प्रमाण त्रुटी (अंदाज किती चुकू शकतो त्याचं माप) बहुतेक जण उघडूनही बघत नाहीत. बघितली तर दोन वर्षांतला ‘बदल’ बहुधा त्या त्रुटीच्या आतच निघतो. शिवाय हे निर्देशांक बऱ्याच अंशी मतांवर बेतलेले आहेत, आणि त्यात देशजोखीम मोजणाऱ्या व्यावसायिक संस्थांचीही मतं असतात. श्रीमंत देशाला चांगले गुण देण्याचा कल तिथूनच शिरतो. भारताच्या अर्थ मंत्रालयाने डिसेंबर 2023 मध्ये नेमकी अशीच तक्रार जाहीरपणे मांडली. ती पूर्ण पटो न पटो, प्रबंधात एक विभाग तिला द्यायलाच हवा.

सर्वाधिक प्रबंध अडतात ते फिक्स्ड इफेक्ट्सवर, म्हणजे प्रत्येक देशाचा कायमचा वेगळेपणा वजा करण्याच्या पद्धतीवर. ते लावले की कारभाराचा सहगुणक (परिणामाचा आकडा) जवळपास नाहीसा होतो आणि विद्यार्थी लिहून मोकळा होतो, ‘कारभाराचा परिणाम नाही’. कारभार वर्षानुवर्षं जागचा हलत नाही आणि फिक्स्ड इफेक्ट्स न हलणारी गोष्टच पुसून टाकतात. उपाय सोपा आहे: प्रत्येक देशाची दीर्घकालीन सरासरी हा एक चल आणि तिच्यापासूनचं त्या वर्षाचं अंतर हा दुसरा. मग चित्र दिसू लागतं. देश कोणत्या मजल्यावर राहणार हे बरंचसं कारभार ठरवतो, आणि त्या मजल्यावरच्या एक-दोन पायऱ्या वाढ, महागाई आणि तूट हलवतात. एस अँड पीने भारताला जानेवारी 2007 मध्ये बीबीबी उणे दिलं आणि पुढची पायरी थेट ऑगस्ट 2025 मध्ये. कारणं दिली ती वाढ, तुटीला लागलेला लगाम, खर्चाचा सुधारलेला दर्जा आणि महागाईवरचा ताबा.

अपवाद मुद्दाम वाचा. ग्रीसमध्ये ऑक्टोबर 2009 नंतर तुटीचा आकडा अनेक पटींनी वाढवून सांगावा लागला. इथे कारभारातला दोष सांख्यिकीतच होता, आणि एप्रिल 2010 मध्ये देश ‘जंक’मध्ये (बीबीबी उणेच्या खालच्या, जोखमीच्या गटात) गेला. श्रीलंकेने 2019 च्या अखेरीस व्हॅट 15 वरून 8 टक्क्यांवर आणला. महसूल आटला आणि 2022 मध्ये परकीय कर्ज थकलं. अमेरिकेचं एएए फिचने ऑगस्ट 2023 मध्ये काढलं, तेव्हा कर्जाच्या बोज्यासोबत कारभाराच्या घसरणीचाही उल्लेख होता. अशा वेळी समीकरणातली शिल्लक चूक (खरं रेटिंग आणि समीकरणाचा अंदाज यांतला फरक) मोठी येते. ‘आउटलायर’ (इतरांहून फार वेगळा आकडा) म्हणून तिला वगळू नका. एक पान तिच्यावरच खर्च करा.

मुंबईत या कामाची नोकरी शोधणाऱ्यांसाठी: केअरएज समूहाने ऑक्टोबर 2024 मध्ये 39 देशांचं मानांकन जाहीर केलं, त्यात भारताला बीबीबी अधिक दिलं. मुलाखतीला जाताना एकाच देशाचं दोन पानी टिपण तयार ठेवा, आणि ‘तुमच्या मते रेटिंग काय हवं, आणि कशामुळे बदलेल?’ याचं उत्तर आकड्यांसकट द्या.